चापिंगोच्या वाटेवर

पुएब्लाहून मेक्सिको शहराकडे जाणारी बस रिओ फ्रिओचा घाट चढू लागली, की डावीकडच्या खिडकीत पोपोकातेपेतल दिसू लागतो. सुमारे ५,४०० मीटर उंचीचा हा ज्वालामुखी अजून जागा आहे. ढग नसले तर त्याच्या माथ्यावरचा धूर बसमधूनही दिसतो. शेजारी इस्तासिवातल, अंगावर बर्फाच्या रेघा घेऊन आडवा पसरलेला. बसमधली बहुतेक मंडळी झोपली होती. मी मात्र डोंगरांच्या पायथ्याची शेतं बघत होते. पावसाळा सरत आला होता, मका पुरुषभर वाढला होता. एकेक तुकडा इतका लहान, की बसमधून त्याचे चारही बांध दिसावेत. बांधावर नोपाल नावाच्या निवडुंगाची रांग, मक्याच्या बुडाशी भोपळ्याचे वेल.

पुण्याजवळच्या कासारवाडीत राहणाऱ्या माझ्यासारख्या माणसाच्या नजरेस शेताचा बांध आता सहसा पडत नाही. आमच्याकडे पुणे-मुंबई रस्ता आहे, त्याला लागून रेल्वे, डोक्यावर मेट्रो, नाशिक फाट्याचा दुमजली उड्डाणपूल आणि पलीकडे पवना. पहाटे फाट्यावर कंपन्यांच्या बस लागतात आणि भोसरी, मोशी मागे टाकत चाकणकडे जातात. माझे वडील १९७२ च्या दुष्काळानंतर शिरूर तालुक्यातून इथे आले. आजोबांची कोरडवाहू जमीन विकली गेली आणि आमच्या घरात सातबारा उरला नाही. वडिलांनी पिंपरीच्या एका कारखान्यात उभा जन्म काढला. त्या पगारावर आम्ही भावंडं शिकलो. त्या कारखान्याविषयी मला आजही कृतज्ञता वाटते, आणि तरीही गेलेल्या जमिनीची हळहळ आमच्या घरातून कधी गेली नाही.

नवरा चाकणला गाड्यांच्या सुट्या भागांच्या कंपनीत आहे. कामासाठी त्याला पुएब्लाला पाठवलं आणि पाठोपाठ मी आणि मुलं आलो. चाकण आणि पुएब्ला ही दोन्ही गावं गाड्यांच्या उद्योगाने एकमेकांना बांधलेली आहेत. फोक्सवॅगनचा पुएब्लाचा कारखाना १९६० च्या दशकातला, चाकणचा २००९ चा. दोन्हीकडे पाळी सुटताना रस्त्यावर उतरणारी तीच गर्दी, तेच लांबलचक ट्रेलर आणि कारखान्याच्या भिंतीलगत उरलेलं एखादं शेत. चाकणला त्या शेतात कांदा-बटाटा असतो, इथे मका.

इथे आल्यावर आमच्या मनात एका विचाराने मूळ धरलं. आपणही थोडी जमीन घ्यावी, घरच्या माणसांना झेपेल एवढीच, आणि रासायनिक खतं-औषधांशिवाय पिकवावं. मुलांना आपण काय खातो आणि ते कुठून येतं हे हाताने कळावं. असं स्वप्न बघणारी मराठी कुटुंबं हल्ली बरीच भेटतात. कुणी न्यूझीलंडचं नाव घेतं, कुणी कॅनडाचं, कुणी पोर्तुगालचं. परदेशात जाऊन शेती करायची कल्पना चमत्कारिक वाटेल, पण तिच्यामागे आपल्याकडचा एक कायदाही उभा आहे. महाराष्ट्राच्या कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियमाच्या कलम ६३ नुसार, जो शेतकरी नाही त्याला परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही. जमीन कसणाऱ्याच्या हातात राहावी हा त्यामागचा हेतू योग्यच आहे. पण ज्यांच्या वाडवडिलांनी नाइलाजाने जमीन विकली, त्यांच्या नातवंडांनाही तोच दरवाजा बंद दिसतो. मग वाटतं, दुसऱ्या देशात तरी तो उघडा असेल.

मेक्सिकोतही तो सताड उघडा नाही. १९१० च्या क्रांतीत जमीन हाच मुख्य प्रश्न होता, आणि १९१७ च्या राज्यघटनेच्या २७ व्या कलमात त्याचं उत्तर लिहिलं गेलं. सीमेपासून १०० किलोमीटर आणि समुद्रकिनाऱ्यापासून ५० किलोमीटरच्या पट्ट्यात परदेशी माणसाला थेट मालकी मिळत नाही. इतरत्र जमीन घेताना, या मालमत्तेपुरता मी इथलाच नागरिक मानला जाईन आणि माझ्या देशाच्या सरकारकडे दाद मागणार नाही, असं त्याला लिहून द्यावं लागतं. शिवाय देशातली फार मोठी शेतजमीन 'एहिदो' म्हणजे गावाच्या सामाईक हक्काची आहे. लासारो कार्देनास राष्ट्राध्यक्ष असताना, १९३४ ते १९४० या काळात, सुमारे १ कोटी ८० लाख हेक्टर जमीन शेतकऱ्यांना वाटली गेली. १९९२ मध्ये या कलमात बदल झाला, तरीही बाहेरच्या माणसाने येऊन एहिदोचा तुकडा सहज विकत घ्यावा असं आजही होत नाही. हे सगळं समजून घेताना माझ्या मनात एक नाव पुन्हा पुन्हा येत होतं, आणि त्या नावासाठीच मी चापिंगोला निघाले होते.

पांडुरंग सदाशिव खानखोजे वर्ध्याचे. टिळकांच्या राजकारणाने भारलेला हा तरुण विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात देश सोडून जपानमार्गे अमेरिकेला गेला. तिथे त्यांनी ऑरेगन आणि वॉशिंग्टन राज्यांत शेतीशास्त्राचं शिक्षण घेतलं आणि १९१३ साली इंग्रजांविरुद्ध उभ्या राहिलेल्या गदर चळवळीत ते आघाडीवर होते. शिरूरकडच्या आमच्या घरात त्यांचं नाव आलं ते विष्णु गणेश पिंगळ्यांमुळे. पिंगळे तळेगाव ढमढेऱ्याचे, म्हणजे चाकणहून शिक्रापूरच्या रस्त्याला लागून शिक्रापूर ओलांडलं की येणाऱ्या गावचे. तेही अमेरिकेतून गदरमध्ये आले आणि १६ नोव्हेंबर १९१५ रोजी लाहोरच्या तुरुंगात कर्तारसिंग सराभांसोबत फासावर गेले. वडील पिंगळ्यांची गोष्ट सांगत आणि ती खानखोज्यांपाशी येऊन थांबे. पहिल्या महायुद्धात इराणमध्ये इंग्रजांशी लढून, बर्लिन आणि मॉस्को करून, १९२४ च्या सुमारास खानखोजे मेक्सिकोत आले. मायदेशाचे दरवाजे इंग्रजांनी बंद केलेले होते. हातात होती ती शेतीची विद्या.

मेक्सिको शहराच्या तापो बसस्थानकावर उतरून मी तेश्कोकोची बस धरली. शहर संपता संपता वाळलेल्या तळ्याचं सपाट मैदान लागतं, मग झाडांची दाट रांग, आणि त्या रांगेच्या आत चापिंगोचं कृषी विद्यापीठ. ही एके काळी मोठ्या जमीनदाराची हवेली होती. क्रांतीनंतर १९२० च्या दशकात राष्ट्रीय कृषिशाळा इथे आणली गेली. हवेलीच्या जुन्या प्रार्थनागृहाच्या भिंती चित्रकार दिएगो रिवेराने १९२४ ते १९२७ या काळात रंगवल्या. आत पाऊल टाकल्यावर मी बराच वेळ मान वर करून उभी होते. समोरच्या भिंतीवर भूमी आहे, भरल्या पोटाच्या स्त्रीच्या रूपात. एका भिंतीवर जमिनीच्या पोटात लाल कफनात गुंडाळलेले, क्रांतीत शेतकऱ्यांसाठी लढलेले एमिलियानो सापाता आणि ओतिलियो मोंतान्यो झोपले आहेत आणि त्यांच्यावर मका उगवला आहे. कृषिशाळेत शिकणाऱ्या मुलांनी रोज हेच बघावं, अशी ती योजना. जमीन कुणाच्या रक्ताने मिळाली याचा विसर पडलेल्या माणसाने तिथे शेती शिकू नये, असं त्या भिंती स्पष्ट सांगतात.

खानखोजे इथे शिकवत. मका आणि त्याचा रानटी पूर्वज तेओसिंते यांच्यावर त्यांनी काम केलं. त्यांच्या मक्याच्या कणसांची आणि शेतकऱ्यांच्या सभांची छायाचित्रं छायाचित्रकार तीना मोदोत्तीने काढली आहेत. माझ्या दृष्टीने त्यांचं सर्वांत मोठं काम म्हणजे १९२० च्या दशकाच्या अखेरीस तेश्कोकोच्या परिसरातल्या खेड्यांत त्यांनी उभ्या केलेल्या मुक्त कृषिशाळा. शेतकऱ्याने शेत सोडून शहरात शिकायला यावं अशी अपेक्षा नव्हती, शाळाच गावात गेली होती. त्यांतल्या एका शाळेला सापाताचं नाव होतं. मेक्सिको शहरात शिक्षण मंत्रालयाच्या इमारतीत रिवेराने १९२८ च्या सुमारास रंगवलेलं भाकरीचं भित्तिचित्र आहे. गरिबांच्या पंगतीत मधोमध बसून भाकरी मोडणारा जो सावळा माणूस त्यात दिसतो, तो खानखोजेच असल्याचं जाणकार सांगतात. २०२२ साली लोकसभेच्या अध्यक्षांच्या हस्ते चापिंगोत त्यांच्या पुतळ्याचं अनावरणही झालं. स्वातंत्र्यानंतर ते नागपूरला परतले आणि १९६७ साली तिथेच वारले.

पुतळ्यापाशी उभी असताना मला एक गोष्ट लख्ख दिसली. परक्या देशात आलेल्या या माणसाचं नाव तिथल्या मातीत रुजलं ते जमिनीच्या मालकीमुळे नव्हे. ज्यांना नुकतीच जमीन मिळाली होती पण बी, विद्या आणि भांडवल मिळालं नव्हतं, त्या शेतकऱ्यांत तो जाऊन बसला. त्यांचा मका समजून घेतला, मग त्यांना आपल्याजवळचं दिलं.

चापिंगोच्या शिवारात शेतीचा दुसराही एक मोठा रस्ता सुरू झाला, आणि तो थेट आपल्या ताटापर्यंत आला. १९४३ मध्ये रॉकफेलर फाउंडेशनच्या मदतीने इथे धान्यसुधारणेचा कार्यक्रम सुरू झाला आणि पुढच्या वर्षी शास्त्रज्ञ नॉर्मन बोरलॉग त्यात आले. त्यांच्या बुटक्या गव्हाचं बी, 'सोनोरा ६४' आणि 'लेर्मा रोखो ६४', १९६० च्या दशकात भारतात आलं. १९६६ मध्ये भारताने १८ हजार टन मेक्सिकन बियाणं मागवलं. मका-गव्हावरची आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था आजही चापिंगोजवळ एल बातानला आहे. त्या गव्हाने आपली उपासमार टळली, हे नाकारणं कृतघ्नपणाचं होईल. पण त्या बियाण्याबरोबर भरपूर पाणी, भरपूर युरिया आणि भरपूर औषधं हीच शेतीची रीत ठरली, आणि लहान शेतकरी दुकानदाराच्या उधारीच्या वहीत गेला. एकाच शिवारातून निघालेल्या या दोन वाटांपैकी खानखोज्यांची वाट अजून पुरती चालली गेलेली नाही, असं मला वाटतं.

ती वाट चालणारी माणसं मला तिथेच भेटली. चापिंगोत २००३ पासून शनिवारी सेंद्रिय मालाचा बाजार भरतो. माल मांडणारे बहुतेक आसपासचे लहान शेतकरी. निळा मका, नोपाल, अंडी, मध, राजगिऱ्याच्या वड्या. आमच्या वडीची ही सख्खी बहीण म्हणावी लागेल, कारण राजगिरा मूळचा याच भूमीतला. एका शेतकरीणबाईंना मी विचारलं, हे सेंद्रिय आहे हे कोण ठरवतं? त्यांनी शेजारच्या मांडणीवरच्या माणसाकडे बोट दाखवलं आणि मग समोर उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाकडे. बाजारातले शेतकरी, गिऱ्हाइकं आणि विद्यापीठातली माणसं मिळून एकमेकांच्या शेतावर जातात, खत कुठलं, बी कुठलं, शेजारच्या शेतातली फवारणी किती लांब, हे बघतात आणि मग बाजारात जागा देतात. २००६ च्या मेक्सिकोच्या सेंद्रिय उत्पादन कायद्याने या सहभागी प्रमाणीकरणाला मान्यता दिली आहे. परदेशी कंपनीच्या निरीक्षकाची फी ज्याला परवडत नाही, त्याच्यासाठी हा रस्ता.

हे ऐकताना मला आपल्याकडची 'पीजीएस-इंडिया' पद्धत आठवली. तीही याच तत्त्वावर चालते, किमान ५ शेतकऱ्यांचा गट लागतो. म्हणजे एकटं कुटुंब, कितीही मनापासून राबलं, तरी या व्यवस्थेत एकटं उभं राहू शकत नाही. निर्यातीसाठीच्या आपल्या राष्ट्रीय सेंद्रिय कार्यक्रमातही हंगामी पिकांची जमीन सेंद्रिय ठरायला साधारण २ वर्षं जातात, फळबागेला ३. तोवर उत्पन्न कमी, माल मात्र साध्या भावात. या काळात घर कशावर चालणार, हा प्रश्न स्वप्न बघणाऱ्याने सर्वांत आधी विचारायला हवा. त्या बाई म्हणाल्या, की सुरुवातीच्या वर्षांत त्यांना गटातल्या दुसऱ्या घरांनी बी दिलं आणि कोंबड्या दिल्या. आता त्या दुसऱ्या कुणाला देतात.

दुपारी त्यांनी मला आपली मिल्पा दाखवली. मिल्पा म्हणजे मका, घेवडा आणि भोपळा एकत्र पेरलेलं शेत. घेवडा मक्याच्या ताटावर चढतो आणि त्याच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र जमिनीत आणतात. भोपळ्याची रुंद पानं जमीन झाकतात, ओल टिकते, तण दबतं. आपली कोरडवाहू माणसं बाजरीत मटकी आणि ज्वारीत तूर याच शहाणपणाने पेरत आली. मक्याच्या ओळींत आपोआप उगवलेला माठ आणि घोळ बाई वेचून ओट्यात घेत होत्या. त्या भाजीची तिथे किंमत आहे, ती बाजारात विकली जाते. एका कणसावर काणी आली होती, करडी, फुगलेली. आपल्याकडे असं कणीस उपटून जाळतात. बाईंनी ते जपून तोडलं, कारण कोवळी काणी इथे चवीने खातात आणि कणसापेक्षा तिला भाव जास्त मिळतो. तणनाशक मारलेल्या शेतात माठ उगवत नाही, आणि जिथे फक्त मक्याचंच उत्पन्न मोजलं जातं तिथे या तीन-चार जादा पिकांची कुठेच नोंद होत नाही. लहान शेताचं गणित एकरी क्विंटलमध्ये मांडलं, की ते हमखास तोट्यात दिसतं. घरात किती महिने काय काय शिजलं हे त्यात धरलं, तर आकडा बदलतो. मक्याची ही मायभूमी आपलं बी किती जपते, याचीही खूण मिळाली. २०२५ मध्ये जनुकीय बदल केलेला मका पेरण्यावर मेक्सिकोने थेट राज्यघटनेत बंदी घातली.

परतीच्या मार्गावर मी सोचिमिल्कोला गेले. मेक्सिको शहराच्या दक्षिण टोकाला कालव्यांच्या जाळ्यात चिनाम्पा आहेत, तळातला गाळ आणि पाणवनस्पती थरावर थर रचून शतकांपूर्वी घडवलेली शेतं. कडेला आउएखोते नावाची सरळसोट झाडं, त्यांच्या मुळांनी काठ बांधून धरलेला. १९८७ पासून हा जागतिक वारसा आहे. शेतकरी होडीतून गाळ काढतो, तो वाफ्यात पसरतो, जरा आळला की सुरीने चौकोनी वड्या कापतो आणि एकेका वडीत एकेक बी लावतो. रोप तयार झालं, की वडीसकट उचलून लावायचं, मुळाला धक्का नाही. रोपवाटिकेचा प्लास्टिकचा ट्रे लागत नाही, पाण्याचा पंपही लागत नाही.

पण इथलं पाणी आता झऱ्यांचं राहिलेलं नाही. विसाव्या शतकात झऱ्यांचं पाणी नळांनी शहराला नेलं आणि कालव्यांत शुद्ध केलेलं सांडपाणी सोडलं जाऊ लागलं. इथला आशोलोत्ल हा उभयचर प्राणी रानातून जवळजवळ नाहीसा झाला आहे. तिथल्या राष्ट्रीय विद्यापीठातले संशोधक चिनाम्पाच्या शेतकऱ्यांना बरोबर घेऊन काही कालवे आशोलोत्लसाठी राखीव ठेवतात, आणि त्या कालव्यांना लागून असलेल्या शेतात रसायनं वापरली जात नाहीत. शेतकऱ्याच्या भाजीला त्याबद्दल वेगळी ओळख मिळते. काठावर उभी राहून मी पवनेचा विचार करत होते. पिंपळे गुरव आणि कासारवाडीच्या मधून वाहणाऱ्या पवनेत आज जे पाणी आहे, त्यावर कुणी विश्वासाने मेथीची जुडी पिकवेल का? सेंद्रिय शेतीला शेताबाहेरचं पाणीही तेवढंच लागतं. ते पाणी शहराच्या हातात असतं, म्हणजे आमच्याच.

पुएब्लाला परतल्यावर आम्ही दोघं त्या रात्री खूप उशिरापर्यंत बोललो. आमच्या बोलण्यात श्रीपाद अच्युत दाभोळकर आले. गारगोटीच्या मौनी विद्यापीठात गणित शिकवणारा हा माणूस पुढे 'प्रयोग परिवार' चालवू लागला. दहा गुंठ्यांत सूर्यप्रकाश, पालापाचोळा आणि पाणी यांचा नेमका हिशेब ठेवला, तर एक कुटुंब सुखाने जगू शकतं, हे ते शेतकऱ्यांना पटवत राहिले. ते स्वतःला गुरू म्हणवत नसत. एका शेतकऱ्याचा प्रयोग दुसऱ्यापर्यंत पोहोचवणं हीच त्यांची शाळा होती. खानखोज्यांची मुक्त कृषिशाळा आणि दाभोळकरांचा प्रयोग परिवार यांच्यामध्ये एक महासागर आणि कित्येक वर्षं आहेत, पण दोघांची श्रद्धा एकच: लहान शेत तगतं ते शिकणाऱ्यांच्या संगतीत.

म्हणून आमचा विचार आता असा ठरला आहे. परदेशात जमीन घेण्याची घाई करायची नाही. कासारवाडीला परतल्यावर येत्या खरिपात खेड तालुक्यातल्या ओळखीच्या एका शेतकरी कुटुंबाकडे सुटीच्या दिवशी आम्ही मुलांना घेऊन काम करणार आहोत, पेरणीपासून मळणीपर्यंत, ते सांगतील तसं. आमच्या सोसायटीतल्या काही घरांशी बोलणं झालं आहे. त्यांनी त्या कुटुंबाचा भाजीपाला आणि धान्य हंगामाआधीच भाव ठरवून घ्यायचं कबूल केलं, तर फवारणी सोडण्याच्या पहिल्या दोन-तीन वर्षांचा धोका एकट्या शेतकऱ्याच्या घरावर पडणार नाही. कांदा-बटाटा चाकणच्या बाजारात जाऊन भावाच्या लिलावात उभा राहण्याआधी काही क्विंटल तरी कासारवाडीच्या स्वयंपाकघरात पोहोचेल. नाशिक फाट्याहून ते शेत फार दूर नाही.

ज्यांना परदेशात जाऊन शेती करायची आहे, त्यांनी जरूर जावं. जाताना खानखोज्यांना आठवावं. ज्या मातीत आपण जातो तिथे आधीपासून कुणीतरी पेरतं आहे, कुणीतरी त्या जमिनीसाठी मेलं आहे, आणि तिथल्या पावसाची, बियांची, तणाची माहिती त्या माणसांकडे आहे. एखादा हंगाम त्यांच्या हाताखाली काढावा, त्यांच्या बाजारात उभं राहावं, त्यांच्या पाण्याची चौकशी करावी, मग जमिनीचं बोलावं. कासारवाडीत राहून आम्हीही हेच करणार आहोत. आमच्या नावावर शेत कधी होईल ते होवो. शिकायला आणि पिकवणाऱ्याच्या पाठीशी उभं राहायला सातबारा लागत नाही.